कावसजीचे नाक आणि कुंभाराचे नाव

१

पाथरीच्या शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. गल्लीत त्याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. त्याची आजी सांगायची, "सूनबाईनं गिराण पाळलं नाही. पोटुशी असताना विळीवर बसली, दुसरं काय!" त्याची आई हे ऐकून घ्यायची आणि खाली बघून काम करीत राहायची. आम्ही चौथीत असताना जिल्ह्यात एक मोफत शिबिर भरले. एका सकाळी त्याला नेले, ओठ शिवला, आठवड्याने टाके निघाले. गल्लीने त्याला आरशात बघताना पाहिले. टाळूची फट मात्र तशीच राहिली. "ते पुढच्या वेळी बघू," असे कुणीतरी सांगितले होते. त्याच्या बाबतीत पुढची वेळ आली नाही.

त्याच वर्षी आमच्या गुरुजींनी वर्गात सांगितले की प्लास्टिक सर्जरी ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे, आणि ती पुण्यातून, आपल्या महाराष्ट्रातून, विलायतेला गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मित्रानेही वाजवल्या. ही गोष्ट मी पुढे अनेक व्याख्यानांत ऐकली, लेखांत वाचली. ती खोटी नाही. पण ती सांगण्याची जी रीत पडली आहे तिच्यातून काही महत्त्वाचे निसटते, आणि जे निसटते त्याचा माझ्या मित्राच्या टाळूशी संबंध आहे असे मला वाटत आले आहे. म्हणून या गोष्टीचे मूळ कथन, आणि आपण तिची केलेली पुनर्कथने, एखाद्या साहित्यकृतीसारखी तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२

मूळ कथन फार छोटे आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. पत्रलेखकाने पूर्ण नाव दिलेले नाही, खाली 'बी. एल.' एवढीच अक्षरे आहेत. सोबत एका माणसाच्या चेहऱ्याचे कोरीव चित्र आहे. त्या माणसाचे नाव कावसजी. पत्र त्याला मराठा शेतकरी म्हणते. तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो इंग्रजी फौजेच्या बैलांवर हाक्या होता. टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ वीटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. पत्रात त्यांचीही नावे आहेत. चित्र जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलेले.

हे चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे मानले जाते. पुणे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने वेल्स पुण्यात होता. शनिवारवाड्यात चित्रकलेची जी शाळा निघाली तिच्याशी त्याचा संबंध होता आणि गंगाराम तांबट हा आपला गुणी चित्रकार तिथलाच. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकत्र दाखवणारे प्रसिद्ध चित्र वेल्सचेच. ज्या हाताने पेशव्याचा चेहरा रंगवला त्याच हाताने एका थोट्या हाक्याचाही रंगवला, ही गोष्ट माझ्या मते आपल्या कलेतिहासात अधिक ठळकपणे नोंदवली जायला हवी.

आता या पत्रातली नावे मोजून पाहू. रुग्णाला नाव आहे. साक्षीदार डॉक्टरांना नावे आहेत. ज्याने नाक कापवले त्या टिपूला नाव आहे. ज्याने नाक परत दिले त्याला मात्र केवळ जात आहे.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, कारण पत्राला त्याची गरजच नव्हती. टिपूशी नुकतेच युद्ध झालेले. त्याच्या क्रौर्याचा जिवंत पुरावा लंडनच्या वाचकाला हवाच होता. कंपनीचे निवृत्तिवेतन घेणारा कावसजी त्या कामी उपयोगी होता. डॉक्टरांची नावे माहितीच्या सत्यतेसाठी आवश्यक होती. कारागीर हा मात्र पत्राच्या दृष्टीने एका रिवाजाचा वाहक होता. ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात अगदी अनादि काळापासून चालत आली आहे, असे पत्र सांगते. जे अनादि आहे त्याला कर्ता कशाला लागतो? कावसजीच्या नावाचीही खात्री देता येत नाही. हे नाव आपल्याकडे पारशांचे, आणि माणूस सांगितला आहे मराठा शेतकरी. इंग्रजी कानाने काही वेगळे ऐकले असणे अशक्य नाही. तरी निदान ऐकण्याचा प्रयत्न झाला. कुंभाराच्या बाबतीत तो प्रश्नच विचारला गेला नाही.

'कुंभार' हा शब्दही आपण घातलेला आहे. पत्रात वीटा करणाराच आहे. आपल्याकडे वीटभट्ट्या पुष्कळदा कुंभारांच्याच असत, तेव्हा मराठी पुनर्कथनांनी केलेला हा अनुवाद समजण्यासारखा आहे, आणि मीही तो शब्द वापरतो आहे. पण तो अनुवाद आहे, नोंद नव्हे, एवढे भान हवे.

३

पत्रातला सर्वांत सुंदर भाग म्हणजे कृतीचे वर्णन. त्यात एकही वाक्य शोभेचे नाही. कारागीर आधी मेणाचा पातळ पत्रा घेतो आणि नाकाच्या थोटकावर बसवून त्यातून चांगल्या घाटाचे नाक घडवतो. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवतो आणि त्याच्या कडेने रेघ ओढतो. त्या रेघेपुरते कातडे तो सोडवतो, पण दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवतो. थोटकाची जुनी कड खरवडून ताजी करतो. त्याच्या मागे नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत एक चीर देतो. कपाळाचे कातडे अर्धा पीळ देऊन खाली आणतो आणि त्याची कड त्या चिरेत बसवतो. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवस दुसरे काही नाही. मग तुपात भिजवलेले कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ चिंध्यांच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापायची.

कात, तूप, मेण, चिंधी. यातली प्रत्येक वस्तू पुण्याच्या कोणत्याही घरात किंवा पानाच्या दुकानात मिळत होती. पण मेणाचा पत्रा सपाट करण्याची कृती क्षणभर थांबून पाहावी. नाक ही उंचसखल वस्तू आहे आणि कपाळ जवळजवळ सपाट. उंचवट्याला किती सपाट कातडे लागेल हा भूमितीचा प्रश्न आहे. तो त्याने कागदाविना, मेण घडवून आणि मोडून सोडवला. माती थापून घाट काढणाऱ्याला, साच्यातून वीट पाडणाऱ्याला हे सुचावे यात मला तरी एक आतली संगती दिसते. अर्थात ही संगती माझे वाचन आहे, पत्राचे नव्हे.

दुसरी गोष्ट भुवयांमधल्या पट्टीची. नवे कातडे आपल्या जागी रुजेपर्यंत त्याला जुन्या जागेवरून रक्त मिळत राहिले पाहिजे. नाहीतर ते काळे पडून गळून जाईल. आजचा सर्जन कर्करोगाने गेलेले नाक पुन्हा उभारतो तेव्हाही कपाळाचेच कातडे वापरतो, भुवईजवळून वर जाणाऱ्या एका लहान रोहिणीवर ते जिवंत ठेवतो आणि साधारण तीन आठवड्यांनी जोड तोडतो. पुण्याच्या त्या माणसाचे पंचवीस दिवस आणि आजचे तीन आठवडे यांत फारसे अंतर नाही. रोहिणीचे नाव त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ती कुठे आहे हे त्याच्या हाताला माहीत होते.

हे हाताला कुणी शिकवले? पत्र तेवढेच सांगत नाही. हत्यार कोणते, मोबदला किती, वेदनेवर काय उपाय, किती नाके बसली आणि किती गळाली, मुलगा शिकत होता की पुतण्या, यातले काहीही त्यात नाही. कृती बाहेरून दिसते तेवढी सगळी आली, शिक्षण आले नाही.

४

आपली पुनर्कथने ही मोकळी जागा सुश्रुताने भरून काढतात. 'सुश्रुतापासून चालत आलेली विद्या' एवढे म्हटले की शिक्षणाचा प्रश्न मिटतो. तो खरोखर मिटतो का, हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहायला हवे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात कान, नाक आणि ओठ सांधण्याचा विधी आहे. तिथे नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यायला सांगितले आहे, मेण नव्हे. कातडे घ्यायचे ते गालाचे, कपाळाचे नव्हे. नाकपुड्यांसाठी दोन नळ्या घालायच्या. वर रक्तचंदनासारखी औषधी चूर्णे, मग कापूस, मग तिळाच्या तेलाचे सिंचन. कात नाही, तूप-कापड नाही, अर्धा पीळ नाही. तत्त्व तेच आहे: माप घ्या, एका बाजूने जोडलेले कातडे आणा, जखम ताजी करा, सांधा. पण जागा बदलली की सगळेच बदलते. गालाचे कातडे नाकापर्यंत सरकते. कपाळाचे वळवून आणावे लागते. तो पीळ देताना रक्तवाहिनी आवळली जाऊ नये हे समजायला कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी धडपडले असणार. गालावरून कपाळावर जाणे हा शोध आहे. तो कोणाचा हे संहिता सांगत नाही, कारण तो संहितेनंतरचा आहे. हिमाचलातल्या कांगड्यातही नाक बसवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत होती. म्हणजे या शोधाला अनेक घरे असू शकतात.

इथे माझी मुख्य हरकत येते. 'हे सगळे सुश्रुतात होतेच' म्हणणारे आपले अभिमानी कथन आणि 'हा त्यांचा अनादि रिवाज आहे' म्हणणारे कंपनीच्या माणसाचे पत्र, ही दोन्ही एकमेकांच्या विरोधात उभी असल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही एकच काम करतात. दोन्ही त्या वीटवाल्याकडून त्याचा इतिहास काढून घेतात. एकाच्या लेखी तो ग्रंथाचा प्रतिध्वनी, दुसऱ्याच्या लेखी रूढीचा. तो स्वतः विचार करणारा, चुकणारा, सुधारणारा कारागीर असेल ही शक्यता दोघांच्याही मनात येत नाही. 'नाक' या शब्दाभोवती मराठीत मानापमानाचे केवढे भांडार आहे! नाक कापणे, नाक वर करणे, नाक घासणे, नाकावर टिच्चून. शूर्पणखेच्या कथेने नाशिकला नाव मिळाले असे आपण मानतो. नाक कापणाऱ्यांच्या कथा आपण जपल्या. जोडणाऱ्याचे नाव आपल्याही तोंडी नाही.

आणि सुश्रुताचा खरा वारसा हवा असेल तर तो सोळाव्या अध्यायाइतकाच नवव्या अध्यायात आहे. त्या अध्यायाचे नाव योग्यासूत्रीय. 'योग्या' म्हणजे सराव. शास्त्र पूर्ण शिकलेल्या शिष्यालाही प्रत्यक्ष कर्माची योग्या केल्याखेरीज हात लावू देऊ नये, असा त्याचा रोख आहे. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी अशा फळांवर. फोडण्याचा पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडण्याचा केसाळ चामड्यावर. शिर वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. टाके घालण्याचा जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधण्याचा बाहुल्यावर. कान सांधण्यासाठी मऊ चामडे, मांसाचे तुकडे, कमळदेठ. आजच्या शस्त्रक्रिया-प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या कातडीवर टाके घालणारा विद्यार्थी या अध्यायात सहज ओळखू येईल. पण आपल्या व्याख्यानांत नाक नेहमी येते, कोहळा कधी येत नाही. फळाचा अभिमान बाळगायचा आणि सरावाचा कंटाळा करायचा, ही आपली जुनी खोड.

५

पत्र वाचून जे शिकले त्यांचे काय झाले ते पाहणे उद्बोधक आहे. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने या पद्धतीची जमेल तेवढी चौकशी केली, शवांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर शस्त्रक्रिया केली. पत्र छापून येऊन वीस वर्षे झाली होती. भुलीचे औषध यायला अजून तीस वर्षे होती. १८१६ मध्ये त्याने दोन रुग्णांची हकीकत पुस्तकरूपाने छापली. १८१८ मध्ये जर्मनीत ग्रेफेने 'ऱ्हिनोप्लास्टिक' हे पुस्तक लिहिले आणि विद्येला युरोपीय नाव मिळाले. कार्प्यूने आपली चौकशी, आपली शंका, आपला सराव लिहून ठेवला. म्हणून त्याच्या पुढच्याला तिथून पुढे जाता आले. पुण्याच्या माणसाच्या पुढच्याला कुठून पुढे जायचे हे कळायला मार्ग नव्हता.

आपल्या भूमीत ही विद्या लिहिली गेली ती शंभर वर्षांनी आणि इंग्रजीत. जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९ मध्ये नाकाच्या पुनर्रचनेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामागे शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव होता. इंदूरला कीगन या इंग्रज डॉक्टरने कपाळाच्या नाकातला एक मोठा दोष दूर करण्याची युक्ती काढली. दोष असा की वरचे कातडे मिळाले तरी आतून अस्तर नसे. अस्तराविना कातडे आक्रसते, नाकपुड्या मिटतात, काही महिन्यांनी नाक गोळा होते. कीगनने उरलेल्या नाकाचेच कातडे उलटे वळवून आत अस्तर दिले. शिंप्याला जे कोट शिवताना कळते ते शस्त्रक्रियेत यायला इतका काळ लागला.

दरम्यान मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले होते आणि १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने डॉक्टरांची नोंदणी आली. अडाणी उपचारांपासून रुग्णाला वाचवण्यासाठी हे आवश्यकच होते; त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पण महाविद्यालयाच्या दारात घराण्याने शिकलेल्या हाताला जागा नव्हती, आणि त्या हाताकडून शिकून घेण्याची व्यवस्थाही कुणी केली नाही.

६

विसाव्या शतकात ही विद्या पुण्याला परत आली, त्या परतीचे एक नाव डॉ. नोशीर अँटिया. ते इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकले होते. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या हजारो सैनिकांवर सिडकप येथे काम करून गिलीज यांनी आधुनिक चेहरा-शस्त्रक्रियेचा पाया घातला. तिथे हेन्री टाँक्स हा मूळचा सर्जन असलेला चित्रकार जखमी चेहऱ्यांची चित्रे काढीत असे. पुण्यातल्या वेल्सची आठवण व्हावी अशी ही जोडी. फरक एवढाच की सिडकपला चित्रासोबत टिपण होते, टिपणासोबत शिष्य होते.

डॉ. अँटिया पुण्याला आले ते कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात. कुष्ठरोगात बसलेल्या नाकाचा प्रकार कावसजीच्या उलट असतो. बाहेरचे कातडे शाबूत, आतले अस्तर रोगाने गेलेले. तिथे कपाळाला हात लावायची गरज नसते. गिलीज यांची आतून अस्तर देण्याची पद्धत त्यांनी वापरली. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि एक पिढी घडवली. पण मला त्यांचे महत्त्व त्याहून पुढच्या वळणात वाटते. इतक्या सूक्ष्म विद्येचा हा माणूस नंतर रायगडच्या मांडव्यात गेला आणि गावातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवू लागला. आरोग्याचा पुष्कळ भाग कुणाही शहाण्या गावकऱ्याच्या हाती देता येतो, तो डॉक्टरांनी अडवून ठेवला आहे, असे ते सांगत राहिले. त्यांच्या व्यवसायबंधूंना हे रुचले नाही. चेहरा घडवणाऱ्या सर्जनने 'शिकवायचे कुणाला' हा प्रश्न विचारावा, यात पुण्याच्या त्या अनामिकाला मिळालेले एक उत्तर मला दिसते.

दुसरे नाव पंढरपूरला जन्मलेल्या डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे. अमेरिकेत स्थायिक होऊनही ते वर्षानुवर्षे येऊन गावोगावच्या शिबिरांत दुभंगलेले ओठ विनामूल्य शिवत राहिले. अपघाताने चाकाच्या खुर्चीवर आलेला, कर्करोगाने स्वरयंत्र गमावलेला हा माणूस दुसऱ्यांची तोंडे दुरुस्त करीत होता. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे हजारो मुलांची लग्ने झाली, शाळा सुटली नाही. त्या ऋणाविषयी शंका नाही.

शंका शिबिर या प्रकाराच्या मर्यादेविषयी आहे. ओठ दिसतो, टाळू दिसत नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो ओठाचेच निघतात. ओठ साधारण तिसऱ्या महिन्यात आणि टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत शिवायची असते, कारण बोलणे त्याच सुमारास सुरू होते. त्यानंतर वाणी सुधारणारा शिक्षक हवा, दातांचा डॉक्टर हवा, कान बघणारा हवा, आणि हे सगळे पंधरा-सोळा वर्षे पाठीशी हवेत. एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमएस आणि त्यावर आणखी तीन वर्षे एमसीएच करून बाहेर पडलेला सर्जन ही विद्या घेऊन येतो. तो पाथरी-मानवत-सेलूच्या बाजूला कायमचा येत नाही, आणि एकट्याने आला तरी पुरत नाही. ज्यांचा सराव तालुक्यात होऊ शकतो अशी माणसे, म्हणजे बाळंतपणातच फट ओळखणारी परिचारिका, ग्रहणाची समजूत आईच्या डोक्यावरून उतरवणारी आशा, उच्चार शिकवणारी शिक्षिका, ही आपण शिकवून ठेवली तर शिबिराला अस्तर मिळेल. सुश्रुताच्या नवव्या अध्यायाचा आजचा अर्थ मला एवढाच लागतो.

७

माझा मित्र आता पाथरीतच दुकान चालवतो. ओठावरचा वण मिशीत झाकला गेला आहे. अनोळखी माणसाला काही दिसत नाही. फोनवर मात्र कळते. टाळू उघडी असली की तोंडातली हवा नाकातून निसटते, आणि 'प', 'ब', 'क' यांसारखी अक्षरे दाब धरीत नाहीत. ज्या गावात जन्मला त्याच्या नावाचे पहिलेच अक्षर त्याच्या तोंडी बसत नाही. फोनवर पत्ता सांगायचा झाला की तो 'माथरी' म्हणतो. पलीकडचा विचारतो, "कुठलं गाव?" मग तो न चिडता म्हणतो, "परभणी जिल्हा," आणि तिथेही पहिले अक्षर तेच.

गेल्या वर्षी मी त्याला कावसजीची सगळी गोष्ट सांगितली, कुंभारासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग विचारले, "त्या कुंभाराचा पोरगा शिकला का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.